फुफ्फुसाचा नेमका तेवढाच भाग

श्रोतेहो, नमस्कार. फुफ्फुसातील लहान गाठ दुर्बिणीने काढताना त्रिमिती प्रतिमेचा सर्जनला काय उपयोग होतो, याविषयी आज पुणे केंद्रावरून बोलणार आहे.

उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन, हे आपण शाळेत शिकलो. या खंडांचे पुन्हा उपखंड असतात, प्रत्येकाची श्वासनलिका व धमनी वेगळी असते आणि शिरा दोन उपखंडांच्या सीमेवरूनही जातात. गाठ लहान असेल तर सबंध खंडाऐवजी तेवढा उपखंड काढता येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १,१०६ रुग्णांच्या जपानी अभ्यासात, फुफ्फुसाच्या कडेच्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या कर्करोगात उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के, तर खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. त्याच भागात रोग उलटण्याचे प्रमाण मात्र उपखंड काढलेल्यांत अधिक होते. म्हणूनच कुठवर कापायचे, हे आधी नेमके ठरवावे लागते.

छातीवरच्या छोट्या छेदांतून हे ठरवणे अवघड असते, कारण गाठ बोटांनी नीट चाचपता येत नाही, त्या बाजूचा श्वास थांबवल्याने फुफ्फुस मिटलेले असते आणि धमनीच्या फांद्या माणसागणिक निराळ्या असतात. सीटी स्कॅनचे मिलिमीटरभर जाडीचे काप संगणकावर जुळवले की धमन्या, शिरा आणि श्वासनलिका वेगवेगळ्या रंगांत दिसतात. सर्जन ते चित्र फिरवतो, श्वासनलिका क्षणभर लपवतो, मागच्या बाजूने पाहतो, आणि शेजारच्या उपखंडाकडे जाणारी एखादी बारीक फांदी, जी चुकून कापली गेली असती, ती आदल्या दिवशीच लक्षात येते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत उपखंडाची धमनी बंद करून शिरेतून हिरवे रंगद्रव्य देतात. विशिष्ट कॅमेऱ्यातून बाकीचे फुफ्फुस चमकते, तो उपखंड काळसर राहतो आणि सीमा चित्राशी पडताळता येते.

तरी चित्र फुगलेल्या फुफ्फुसाचे असते, हे विसरता येत नाही. आपल्याकडे अनेकांना पूर्वी क्षयरोग होऊन गेलेला असतो. त्यामुळे फुफ्फुस छातीला आतून चिकटलेले असू शकते आणि ते किती घट्ट चिकटले आहे, हे चित्रावरून पुरते कळत नाही. अशा वेळी छाती उघडण्याचा निर्णय घ्यावा लागला, तर त्याला मी अपयश मानत नाही.

साताऱ्याहून, बारामतीहून तपासणीसाठी पुण्याला येणाऱ्यांना एक विनंती आहे. छापलेल्या फिल्मवरून हे चित्र तयार होत नाही. त्यासाठी स्कॅनचे सगळे काप लागतात, म्हणून सेंटरमधून सीडी मागून घ्या आणि सर्जनकडे जाताना ती सोबत ठेवा.