पुढं पाठवण्याआधी

(दृश्य: निपाणीतली एक गल्ली, दुपार)

मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. बाई विड्या वळतायत. संध्याकाळपर्यंत हजार भरायच्या आहेत. भिंतीला टेकवलेला मोबाईल वाजतो. बचत गटाच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. एका लहानग्याला कुणीतरी बेदम मारतंय. खाली लिहिलंय, 'हा नराधम सापडेपर्यंत शेअर करा.'

बाईंचे डोळे भरून येतात. पदराला बोटं पुसून त्या तो व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकतात. माहेर खानापूर तालुक्यातलं. तिथून तो बेळगाव, चिकोडी, पार कोल्हापूर.

पोटात कालवलं म्हणूनच त्यांनी तो पाठवला. पण ते पोर कुठलं, आता कुठं आहे, हे या सगळ्या ग्रुपांत कुणीच विचारलं नाही.

२०१८ चा जुलै आठवा. 'मुलं पळवणारी टोळी आलीय' असे मेसेज सीमेच्या अलीकडं-पलीकडं फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात इकडं बिदर जिल्ह्यात, मुर्कीला, एका तरुणाचा जीव गेला. पाहुणे म्हणून आलेल्या त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी शाळकरी पोरांना चॉकलेट दिली होती, एवढंच.

आपण भ्यायलो अनोळखी माणसाला. केंद्र सरकारनं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि छळणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. ज्यांच्या पाया पडायला आपणच पोरांना पुढं ढकलतो, त्यांच्यातलेही.

(दृश्य: गावची मराठी शाळा, घंटा)

'तोंड ब्लर केलंय की,' असं आपण म्हणतो. पण सीमाभागातल्या कितीतरी गावांत मराठी शाळा एकच. गणवेशाचा रंग दिसला, मागं कन्नड पाटी दिसली, बोलण्याचा हेल कानावर पडला, की बाजारात नाव फुटतं. म्हणूनच पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि बालन्याय, दोन्ही कायदे पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता उघड करू देत नाहीत. आणि लैंगिक अत्याचाराची चित्रफीत असेल, तर ती हळहळून पाठवली तरी गुन्हाच. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अशी चित्रफीत मोबाईलमध्ये ठेवून देणं, ना पुसणं ना कळवणं, हेही कायद्याच्या कचाट्यात येतं.

मग करायचं काय? १०९८ फिरवायचा. मुलांसाठीची मदतवाहिनी, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो. लैंगिक अत्याचार कळूनही गप्प बसणं पोक्सोखाली शिक्षेला पात्र आहे. पोलीस ठाण्याची धास्ती वाटते, खरंय. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथं, गणवेश न घालता घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, असं कायदाच सांगतो. गणपतीच्या मंडपात, ग्रुपच्या फोटोवर, मराठी आणि कन्नड दोन्हीत फिरावं ते हे.

(दृश्य: तीच गल्ली, संध्याकाळ)

बचत गटाच्या ग्रुपवर आता १०९८ लिहिलंय. कन्नड ओळ बाईंच्या मुलीनं टाइप केली, ती सातवीत आहे. दप्तर खाली ठेवत ती म्हणते, 'आई, एक सांगू?'

हजाराला अजून दीडशे कमी आहेत. बाई सूप बाजूला सारतात.

'बस इथं. सांग.'