सॉफ्टवेअर टेस्टिंग येतं म्हणता? मग हे खेळून दाखवा

राम राम मंडळी! जळगावहून बोलतोय. मागे घरघर ऐकू येतेय तो पंखा आहे. मे महिन्यात तो बंद करून शूट करायची माझी छाती नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आज स्लाइड नाहीत. एक कागद आणि पेन घ्या. मोबाइलवर बघत असाल तर वहीचं मागचं पान चालेल.

एक प्रोग्रॅम आहे. तो तीन पूर्णांक घेतो, त्यांना त्रिकोणाच्या बाजू समजतो आणि सांगतो की त्रिकोण समभुज आहे, समद्विभुज आहे की विषमभुज. संपला प्रोग्रॅम. हा तपासायचा तर कोणकोणते आकडे टाकून बघाल, ते लिहून काढा. व्हिडिओ थांबवा. खरंच थांबवा भो, पुढचं ऐकलं की मजा गेली.

(थांबून, कागद वर धरून)

झालं लिहून? हे कोडं माझं नाही. ग्लेनफोर्ड मायर्स यांनी 1979 साली सॉफ्टवेअर टेस्टिंगवरच्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते टाकलं. मार्क 14 पैकी. आता स्वतःच तपासा, आणि शेजाऱ्याच्या कागदात डोकावू नका.

3, 4, 5 सगळ्यांनी लिहिलं असणार. 5, 5, 5 पण. 5, 5, 8 लिहिलं? छान. मग 5, 8, 5 आणि 8, 5, 5 लिहिलं का? डेव्हलपरने पहिल्या दोनच बाजू ताडून बघितल्या असतील तर बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, तिथेच सापडणार. शून्य टाकलं? उणे आकडा? तिन्ही शून्य? अडीच? तीनऐवजी दोनच आकडे?

आता खरी मेख. 1, 2, 3. शाळेत शिकलोय आपण, त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते. एक अधिक दोन म्हणजे तीनच, मग त्रिकोण कुठला? ती नुसती रेघ झाली. प्रोग्रॅम याला ‘विषमभुज’ म्हणाला तर तो बग आहे. 1, 2, 4 चं तसंच. आणि या दोन्ही उदाहरणांत आकड्यांची जागा बदलून बघितली का, त्याचे मार्क परत वेगळे.

चौदावा मार्क बहुतेकांचा जातो: प्रत्येक तीन आकड्यांसमोर अपेक्षित उत्तर लिहिलंत का? नसेल, तर प्रोग्रॅम जे सांगेल ते बरोबरच वाटणार आहे तुम्हाला.

किती पडले? सात-आठ पडले असतील तर तोंड पाडू नका. मायर्स लिहितात की चांगले अनुभवी प्रोग्रॅमरसुद्धा सरासरी 7.8 मिळवतात. आणि या 14 मधल्या 13 गोष्टी हवेतल्या नाहीत, या प्रोग्रॅमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये प्रत्यक्ष झालेल्या चुका आहेत त्या.

आता विचाराल, मार्क गेले कुठे? गणित तर सगळ्यांनाच येतं. त्यासाठी दुसरा खेळ. हा घरी कुणाबरोबरही खेळा, कॉम्प्युटर लागत नाही.

मी मनात एक नियम धरलाय. 2, 4, 6 त्या नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगायचे, मी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार. खात्री झाली की नियम सांगा.

समोरचा म्हणतो 8, 10, 12. हो. 20, 22, 24? हो. 100, 102, 104? हो. मग छाती फुगवून सांगतो, दोनदोनने वाढणारे आकडे! आणि मी म्हणतो, चूक. नियम एवढाच आहे की पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा हवा. 1, 2, 3 ला पण मी हो म्हणालो असतो. 5, 17, 900 ला पण. पण कुणी विचारलंच नाही, कारण डोक्यात बसलेला अंदाज खरा ठरवण्यातच सगळे गुंतलेले. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये हा प्रयोग छापला, तेव्हाही बऱ्याच जणांचं हेच झालं.

म्हणून माझ्याकडे मार्क द्यायची पद्धत सोपी आहे. किती ‘नाही’ ऐकलेत ते मोजा. सगळे ‘हो’ मिळवणारा खेळाडू बाद. इंटरव्ह्यूला जाणारी आपली पोरं सेलेनियम, जिरा, पोस्टमन अशी टेस्टिंगच्या कामातल्या साधनांची यादी घडाघडा म्हणतात. शिकाच ती साधनं, नोकरीला लागतात. पण ‘नाही’ कुठून मिळेल हे ओळखायची नजर त्या यादीत येत नाही.

आता गावाकडचा खेळ, माझा सगळ्यात लाडका. एसटी.

समजा, तिकिटाच्या मशीनमधलं सवलतीचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे तपासायला आलंय. 5 ते 12 वयाला अर्धं तिकीट. 65 ते 75 अर्धं. 75 च्या वर फुकट, हे ऑगस्ट 2022 पासून. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं. आणि या ज्येष्ठांच्या, महिलांच्या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच.

70 वर्षांचे आजोबा आणि 80 वर्षांची आजी टाकून ‘चालतंय’ म्हणाल, तर झोपलात. मजा काठावर आहे, 64, 65, 75, 76 ला. याला बाउंडरी व्हॅल्यू म्हणतात, पण नाव सोडा, प्रश्न बघा. ‘65 ते 75’ आणि ‘75 च्या वर’. मग 75 पूर्ण होऊन तीन महिने झालेले बाबा कुठे बसतात? नुसतं वाक्य वाचून सांगता येत नाही. इथे टेस्टरने टेस्ट केस, म्हणजे काय टाकायचं आणि काय उत्तर यायला हवं ते, लिहायच्या आधी प्रश्न लिहायचा, आणि तो प्रश्नसुद्धा मार्काचा.

वय ठरवायचं कशावरून? जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मसाल असतं. आणि आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली 1 जून! निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. टेस्ट डेटात 31 मे, 1 जून आणि 2 जून नसतील तर तुम्ही खानदेशात राहतच नाही.

आठ वर्षांची मुलगी आली. लहान म्हणून अर्धं, महिला म्हणून अर्धं. मशीनने दोनदा निम्मं केलं आणि पाव तिकीट फाडलं तर? दोन नियम वेगवेगळे पास होतात आणि एकत्र आले की मशीन गडबडतं.

आता हद्द. जळगाव ते बऱ्हाणपूर घ्या. रावेरच्या पुढे मध्य प्रदेश लागतो. धुळे ते सुरत, नवापूरनंतर गुजरात. एकाच तिकिटात अलीकडे सवलतीचा दर आणि पलीकडे पूर्ण. आजी फुकट कुठपर्यंत आणि पैसे कुठून? नवापूरच्या रेल्वे स्टेशनात तर एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. एसटीचा त्याच्याशी संबंध नाही, पण हद्दीची टेस्ट केस कशी दिसते ते बघायचं असेल तर त्या बाकावर जाऊन बसा.

शेवटचा खेळ दोघांत खेळायचा. एकाने याच नियमांचा छोटा कोड लिहायचा, पंधरावीस ओळी पुरतात. दुसऱ्याने टेस्ट केस लिहायच्या, सगळ्या पास झाल्या पाहिजेत. मग पहिल्याने गुपचूप एकच जागा बिघडवायची. ‘पेक्षा मोठा’ चं ‘पेक्षा मोठा किंवा समान’ करा, किंवा अधिकचं उणे. टेस्ट परत चालवा. एक जरी फेल झाली तर टेस्टर जिंकला. तरीही सगळ्या पास, तर बिघडवणारा जिंकला, आणि वर शेवभाजी टेस्टरच्या खर्चाने. मघाची 70 आणि 80 ची जोडी आठवा, 75 ची खूण हलवली तरी तिला पत्ताच लागत नाही.

याला म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात. कल्पना 1970 च्या दशकातली आहे, आणि आज हेच काम आपोआप करणारी साधनं फुकट मिळतात, जावासाठी पीआयटी, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर. पण आधी हाताने खेळा. मित्र समोर बसून हसत असला की चूक जास्त लक्षात राहते.

गृहपाठ: घरातले पाच जण, वय 4 ते 76, नंदुरबारहून सुरतला निघालेत. त्यांच्या टेस्ट केस अपेक्षित उत्तरासकट खाली लिहा. मशीनला ‘नाही’ म्हणायला लावणारी एक तरी हवीच, नाहीतर मी वाचणार नाही.