शिंद्यांचा रंग कोणता?

(फूलबाग, पहाट. घोड्यावरचा पुतळा खालून वर.)

ग्वाल्हेरची फूलबाग. झाशीच्या राणीची समाधी इथलीच. एवढ्या सकाळी इथे फक्त चालायला येणारे असतात. आज एक मुलगीही आलीय, मोबाइल डोक्याच्या वर धरून पुतळ्याभोवती फिरतेय. एका फेरीत चाळीसएक फोटो. तिला पाठमोरी बाजू हवीय. राणीला समोरून सगळेच टिपतात, आणि ती भावाबरोबर बनवतेय त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात राणी वरून, बरेचदा पाठमोरीच दिसणार.

(लष्करच्या गल्ल्या. स्कूटरवरून.)

हे फोटो लष्करात, निंबाळकर की गोठमध्ये जातील. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास इथे तळ ठोकला. तंबू पुन्हा उठलेच नाहीत. छावणीचं गाव झालं आणि नावही लष्करच राहिलं. सरदारांच्या वस्त्यांना गोठ म्हणतात. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि जिन्यावर दोन्ही.

(खोली. दोन पडदे, एक पंखा.)

मुलीचा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. पडद्यावर एज ऑफ एम्पायर्स या लढायांच्या कॉम्प्युटर खेळाचा तिसरा भाग. 2007 साली त्याला द एशियन डायनेस्टीज ही पुरवणी आली, तिच्यातली हिंदुस्थानची कथा 1857 चीच आहे. नायक मात्र काल्पनिक. या दोघांना जून 1858 चं ग्वाल्हेर हवं होतं. खेळाबरोबर नकाशे बनवायचा एडिटर मिळतो. त्यातच हे काम चाललंय.

(नकाशा वरून. माउस जमीन उचलतो.)

किल्ल्याची टेकडी जवळजवळ तीन किलोमीटर लांब. ती तशीच घेतली तर नकाशावर दुसरं काही मावेना, म्हणून तिला तिसऱ्यांदा कापलंय. पूर्वेला मोरार. आग्नेयेला कोटा की सराय, राणीची शेवटची लढाई तिथली. मधून स्वर्णरेखा. आज तिच्या काठावर नाक धरावं लागतं. इथे तिला निळं पाणी दिलंय. तेवढी सूट चालायची.

(ताईचा पडदा. राखाडी आकृती गोल फिरते.)

राणीची आकृती ताई ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवतेय. आधी घोडा, मग मांड, मग खांदे. कपड्यांपाशी गाडी अडली. आजीला नऊवारी हवी, कासोटा घट्ट, नाकात नथ. भावाला चिलखत हवं, कारण खेळातल्या योद्ध्या चिलखतात असतात. ताईनं दोघांचंही ऐकलं नाही. शेवटच्या लढाईत राणी घोडेस्वाराच्या वेषात होती असं इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणून अंगात स्वाराचा पोशाख आला. पागोट्याचे पेच तिनं अकरा वेळा पुसून काढले. आम्ही चार वेळा चित्रित केले, पाचव्यांदा कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

आजी अजून म्हणतात, "नथ नाही तर ओळखायची कशी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खेळांच्या जगात कितीतरी वर्षं याच प्रश्नावर डोकी फुटताहेत: कुणाला कसं दाखवायचं, आणि ते ठरवणार कोण. दोन डोक्यांच्या गाईला 'ब्राह्मिण' म्हणणारा फॉलआउट थ्री हा खेळ 2008 मध्ये एक्सबॉक्सवर भारतात विक्रीला आलाच नाही. एज ऑफ एम्पायर्सच्या याच भागाची नवी आवृत्ती 2020 मध्ये आली, तेव्हा इरोक्वाय आणि सू या अमेरिकेतल्या मूळनिवासींची नावं बदलून हौडेनोसौनी आणि लकोटा केली. ते लोक स्वतःला तसंच म्हणवतात. सिव्हिलायझेशन सेव्हन 2025 मध्ये आला तेव्हा त्यात मौर्य होते, चोळ होते, मुघल होते. मराठे नव्हते. लक्ष्मीबाई नंतर आली, वेगळे पैसे मोजून घ्यायच्या संचात. पुण्यात बनलेल्या राजी या खेळानं 2020 मध्ये मुलीलाच नायिका केलं, तेही न विचारता.

"खेळात राजकारण आणू नका," असं भावाचे मित्र सांगतात. यातल्या बहुतेकांचा पब्जी 2 सप्टेंबर 2020 ला, एकूण एकशे अठरा अ‍ॅप्समध्ये, सरकारनं बंद केला होता.

(एडिटरची खिडकी. अगदी जवळून.)

आता कामातली खरी गाठ. नकाशावरच्या प्रत्येक बाजूचं इतरांशी नातं नेमावं लागतं: मित्र, तटस्थ, शत्रू. चौथी सोय नाही. राणी लाल, तात्या टोपे तिचे मित्र. कंपनीची फौज निळी, शत्रू. शिंदे?

(भिंत. जुन्या तसबिरी, एकामागून एक.)

या घराचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत होते. तसबिरीत महाराज, कोनाड्यात राणीचं चित्र, दोघांनाही हार एकाच माळणीकडचा. भावानं आधी शिंद्यांना शत्रू केलं. आजोबा दोन दिवस जेवायला बसले नाहीत. ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. मग तटस्थ केलं. तेव्हा ताई म्हणाली, तोफा घेऊन मोरारला आलेला माणूस तटस्थ कसा?

वाट सापडली ती ट्रिगरमध्ये. अट घातली की खेळ वेळ आल्यावर आपोआप काही घडवतो. 1 जून 1858. इंग्रजांच्या बाजूचे महाराज जयाजीराव शिंदे फौज घेऊन मोरारपाशी उभे राहिले आणि त्यांचीच बरीचशी फौज समोर जाऊन मिळाली. पिवळे शिंदे, शत्रू. राणीचे स्वार ओढा ओलांडतात. अट पुरी होते.

(पडदा पूर्ण. आवाज बंद.)

आणि पिवळे लाल होतात. एक रांग, दुसरी रांग, मग तोफा. हे बसवायला तीन आठवडे गेले. पहिल्या प्रयत्नात हत्तीही लाल झाले, दुसऱ्यात झाडं. एकदा कंपनीचा सेनापतीच राणीकडे आला. तो प्रयत्न त्यांनी जपून ठेवलाय.

नकाशा 18 जूनला, बलिदान मेळ्याच्या दिवशी, मित्रांना दिला. इंग्रजांच्या कागदांत राणीच्या मृत्यूची 17 तारीख आहे, त्यावरूनही वाजलं. दोघं मित्र आता घरी येत नाहीत.

(रात्र. आजी पडद्यासमोर. चष्मा पुसतात.)

आजी पहिल्यांदाच पूर्ण लढाई बघताहेत. पिवळे लाल झाले. नकाशाच्या वरच्या कडेला एकच पिवळा घोडा उरलाय, दौडत निघालाय.

"अरे, हा कुठे जाऊन राहिला?"

"आग्र्याला, आजी."

(आजींचा चेहरा. मोजून दहा सेकंद. निवेदन नाही.)