आधी बाया, मग मुकादम

अध्यक्ष महाराज, सरपंचताई आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, पुढे या. पुढच्या रांगेत बसलेल्यांकडून वर्गणी घेत नाहीत, मी विचारून घेतलंय.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘इटलीतील कामगारांचा स्वयंसंघटित लढा’. इटलीला जाऊच, पण वाट आमच्या गावच्या वावरातून जाते.

तिसरी वेचणी होती. पऱ्हाटीवर बोंडं विरळ झालेली. भाव मात्र पहिल्या वेचणीचाच, किलोला सात रुपये. दिवसभर वाकून ओटीत वीस किलो पडायची मारामार. बाया सकाळी आल्या आणि धुऱ्यावर बसूनच राहिल्या. झेंडा नाही, घोषणा नाही. एक म्हातारी म्हणाली, “दहा देत असशीन तं वेचतो, नाही तं हे चाललो घरी.” पाटलांनी विचारलं, “तुमचा पुढारी कोण?” त्यावर सगळ्या ज्या हसल्या! उन्हं चढली, पाटील दहावर आले, वर ऑटोचं भाडंही कबूल केलं.

आणि दवाचं तर तुम्हाला माहीतच आहे. हसू नका, तुमच्या घरचंच सांगतोय. सकाळचा दवाचा कापूस काट्यावर जड भरतो म्हणून बाया लवकर येतात. मालक म्हणतो, ऊन पडल्यावर या. ही रोजची कुस्ती कोणत्याच संघटनेच्या अहवालात नसते.

आता माझं दुखणं. त्याच आठवड्यात तालुक्याहून एक नेते आले. ‘आमच्या आंदोलनाला यश’ म्हणून पेपरात बातमी, सोबत फोटो. फोटोत पाच पुरुष, पाचही जण कडक इस्त्रीत. बाया कुठे? वावरात, वेचत होत्या! मी नेत्यांना फोन केला. म्हणाले, “गुरुजी, दिशा तर आम्हीच दिली ना?” अहो, दिशा कसली? धुऱ्यावर बसायला होकायंत्र लागतं का?

पुढच्या हंगामात पाटलांनी मुकादम धरून मध्य प्रदेशातली टोळी आणली. हा क्रम ध्यानात ठेवा, माझं सगळं व्याख्यान त्यातच आहे.

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ साली मजुरीवरून संप झाला. मिल सुरू झाली तीही त्याच वर्षी. नारायण मेघाजी लोखंड्यांची गिरणी कामगारांची संघटना मुंबईत उभी राहायला तेव्हा अजून काही वर्षं होती. म्हणजे संपाने संघटनेची वाट पाहिली नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, इटली. १९६१च्या सुमारास तोरिनो या कारखान्यांच्या शहरात पांझिएरी, अल्क्वाती ही डावी विचारवंत मंडळी कामगारांना शिकवण्याऐवजी विचारायला गेली, कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर नेमकं काय चालतं, कुठे काम अडवता. १९६४ साली त्यांच्यातल्याच मारिओ त्रोंतीने मार्क्सवादी मांडणीच उलटी केली: भांडवल पुढे चालतं आणि कामगार प्रतिकार करतो असं नाही, आधी कामगार झुंजतो, त्याला उत्तर म्हणून भांडवल यंत्र, व्यवस्थापन, नवी माणसं आणतं. आधी बाया, मग मुकादम!

पुढे दक्षिण इटलीतून आलेली, निमूट राबतील म्हणून भरलेली पोरं १९६९ साली तोरिनोतल्या फियातच्या मिराफिओरी मोटार कारखान्यात सगळ्यांत जास्त भडकली. सर्वांना सारखी पगारवाढ ही त्यांची मागणी, आणि संघटनांनाही त्यांच्यामागून धावावं लागलं. आमच्याकडची बाहेरची टोळीही जानेवारीत भावावरून अडलीच. १९७४ साली तोरिनोत लोकांनी बसभाडं, वीजबिल स्वतःच कमी करून भरलं. हे इथे करू नका, मीटर काढून नेतील. याच विचारातल्या मारियारोसा दाल्ला कोस्ता या बाईने विचारलं, घरातल्या बाईचं राबणं मजुरीत का धरत नाही? सरपंचताई, यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

या विचाराचं दुबळं अंगही सांगायला हवं. मोठ्या कारखान्यातला कामगार हाच त्यांचा सुरुवातीचा नायक. छोट्या, विखुरलेल्या कामाचा हिशेब नंतर आला. आणि ७ एप्रिल १९७९ला याच विचाराचे आंतोनिओ नेग्री यांच्यासह अनेकांना अटक झाली, तो भाग प्रश्नांच्या चिठ्ठ्यांमध्ये घेऊ. चिठ्ठ्या पाठवा, पण आधी बायांच्या.