तुरुंगातलं बाळंतपण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, मग बारसं. हे दिवस जिला तुरुंगाच्या बराकीत काढावे लागतात, तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

१३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. उपाध्याय खटल्यात याबद्दल सविस्तर निर्देश दिले. गरोदर बाईला तुरुंगात पाठवण्याआधी तिथे तपासणीची, बाळंतपणाची किमान सोय आहे का ते पाहावं. प्रसूती शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावी. जन्मनोंदीत जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहू नये, नुसता त्या भागाचा पत्ता लिहावा. बारशासारख्या नामकरण विधीलाही जमेल तितकी मुभा द्यावी, इतक्या बारकाईनं न्यायालयानं विचार केला. मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकतं आणि त्याला कैदी समजायचं नाही.

त्याच निकालात एका अभ्यासातली निरीक्षणं आहेत. ती वाचली की पुढे वाचवत नाही. महिला विभागात फक्त बायकांमध्ये वाढलेले मुलगे बायकांसारखं बोलतात. रस्त्यावरची जनावरं दिसली की ही मुलं घाबरतात.

निर्देश चांगले आहेत. पण तुरुंगातून दवाखान्यात जायचं तर सोबत पोलीस गार्ड लागतो. त्या दिवशी गार्ड मिळाला नाही तर तपासणी पुढे ढकलली जाते. कळा गार्डसाठी थांबत नाहीत. म्हणून मला वाटतं, तुरुंगात सोयी वाढवा ही मागणी रास्त असली तरी पहिली मागणी जामिनाची असायला हवी. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. अशा बाईला बाळंतपणापुरतं तरी घरी का पाठवू नये?

हे होऊ शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका गरोदर महिलेला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. त्या कायद्यात जामीन मिळणं किती अवघड, ते वकील मंडळींना ठाऊक आहे. तुरुंगातल्या बाळंतपणाचा परिणाम आई आणि बाळ दोघांवर होतो, हे न्यायमूर्ती ऊर्मिला जोशी-फलके यांनी त्या वेळी मान्य केलं.

तुमच्या नात्यात, वस्तीत कुणी बाई अशी अडकली असेल तर ती गरोदर आहे हे जामीन अर्जात स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांचे कागद जोडा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये महिलांसाठी जामिनाची वेगळी तरतूद आहे, तिचाही उल्लेख करा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.