अजिंठा: चित्राखालची भिंत

नमस्कार श्रोतेहो. अजिंठ्याच्या लेण्यांत गेलं की नजर थेट पद्मपाणीवर, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर जाते. आज बोलायचंय ते पद्मपाणीच्या मागच्या गिलाव्याबद्दल, कारण चित्रं कशी टिकली आणि कशी बिघडली हे तिथंच कळतं.

लेणी आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये कोरलेली. हा दगड पाणी फारसं ओढत नाही, त्यामुळे गुळगुळीत भिंतीवर माती धरत नाही. म्हणून भिंत खडबडीतच ठेवली. छिन्नीच्या खाचांत गिलावा अडकतो. पहिला थर जाडाभरडा: लोहयुक्त माती, वाळू, साळीचं तूस, गवत, वनस्पतींचे धागे. धागे नसते तर माती वाळताना आक्रसून तडकली असती. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर आणि सगळ्यात वर पांढरा, अगदी पातळ हात.

रंग लावले ते हे सगळं वाळल्यावर. इटलीत ओल्या चुन्यावर रंगवायची पद्धत होती. तिथे चुना घट्ट होताना रंगाचे कण आत पकडून ठेवतो. अजिंठ्यात रंग धरून ठेवायचं हे काम सरसावर, म्हणजे रंगात मिसळलेल्या चिकट पदार्थावर सोपवलं. आधी गेरूची रेषा, मग रंग भरायचा, शेवटी गडद रेषेने आकार पुन्हा ठसठशीत करायचा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, पांढरा, एवढीच सामग्री. पाचव्या शतकातल्या, वाकाटकांच्या काळातल्या लेण्यांत निळाही भेटतो. तो लाजवर्द या निळ्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला.

आता बिघाड. जे धागे मातीला धरून ठेवतात, तेच किड्यांचं खाद्य. दगडाच्या भेगांतून पावसाळ्यात पाणी झिरपतं, गिलावा दगडापासून सुटतो आणि मागे पोकळी राहते. बोटाने हलकं टिचकवलं तर पोकळ आवाज येतो. (हे काम जाणकारांचं, आपण भिंतीला हात लावायचा नाही.) आणि सरस पाण्याने सैल पडतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसणं म्हणजे रंगच पुसणं.

सगळ्यात चिवट दुखणं मात्र माणसाने दिलं. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी इथे चित्रांच्या नकला करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांवर रोगण, म्हणजे व्हार्निश फासलं गेलं. त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्ये जळाल्या. रोगण भिंतीवर राहिलं. पुढे १९२० च्या सुमारास निजामाच्या हैदराबाद संस्थानाने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी नीट बसवला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण रंग पक्के करायला वापरली ती चपडा लाख. ती कालांतराने पिवळी, मग तपकिरी पडते, धूळ धरते आणि आक्रसताना खालचा रंगही ओढते. ती काढायची तर द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने, बोटभर जागा घेऊन. द्रावण जास्त झालं की रंगाला धोका, कमी पडलं की लाख जागची हलत नाही.

लेण्यांत गेलात तर जिथे चित्र तुटलंय त्या कडेकडे बघा. फ्लॅश बंद ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. थर एकावर एक दिसतील, कुठे कुठे तुसाचे ठसेही.