पक्ष्याचा पाव आणि शंभर अलार्म

नमस्कार श्रोतेहो. आज जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या कंट्रोल रूमविषयी.

१९५९ साली तिथला प्रोटॉन सिंक्रोट्रॉन, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, सुरू झाला, तेव्हा जितकी उपकरणं तितके काटे आणि बटणं. नंतरचं असंच मोठं यंत्र, एसपीएस, जवळजवळ सात किलोमीटर घेराचं. जुन्या पद्धतीनं गेले असते तर पॅनेलांच्या भिंतीच उभ्या राहिल्या असत्या. म्हणून फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काचेवर तांबं बसवून टचस्क्रीन केला. बटणं फक्त १६, त्यांचं काम संगणक बदलणार. शेजारी एकच नॉब. जे उपकरण निवडाल, त्याचा तो नॉब. टचस्क्रीन आला तरी नॉब ठेवला, हे शहाणपण. हल्ली मोटारीतला एसीसुद्धा स्क्रीनमध्ये कोंबतात, रस्ता सोडून तिकडे बघत बसा! असो.

२००६ मध्ये मुख्य कंट्रोल रूम एकाच इमारतीत आल्या. तिथल्या एका टेबलाकडे वीज, थंड पाणी, हवा यांची देखरेख. यंत्राकडे नव्हे, या टेबलाकडे लक्ष द्या, कारण गोष्ट तिथली आहे.

३ नोव्हेंबर २००९. एलएचसी, म्हणजे सर्नचं सगळ्यात मोठं कणवेगक यंत्र. त्याच्या उघड्यावरच्या वीजजोडणीवर एक पक्षी आला. चोचीत पाव, चांगला फ्रेंच बगेत! झालं शॉर्टसर्किट. वीज गेली, हीलियमची शीतयंत्रणा थांबली. उणे २७१ अंशांवर ठेवलेले मॅग्नेट तापू लागले. तापले किती? काही अंशच. पण अतिवाहक मॅग्नेटला, म्हणजे अतिथंड असतानाच विनाअडथळा वीज वाहणाऱ्या मॅग्नेटला, तेवढंही फार होतं. सुदैवानं तेव्हा यंत्रात कणांची शलाका फिरत नव्हती. सुरक्षा यंत्रणेनं सांभाळून घेतलं, पण पुन्हा थंड करण्यात काही दिवस गेले. सर्ननं अधिकृतपणे कळवलं: पक्षी सुखरूप, पाव मात्र गेला.

आता खरी अडचण ऐका. घरात एमसीबी पडली की फ्रिज, पंखा, मोटर सगळंच बंद, पण आपण फ्रिज उघडून बघत नाही. इथंही तेच. वीज गेली की पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, सगळे एकदम ओरडतात. शंभर अलार्म, बिघाड एक. म्हणून प्रत्येक अलार्मवर अचूक वेळ हवी. सगळ्यात मोठा अलार्म नाही, सगळ्यात पहिला अलार्म शोधायचा. परिणामाचे अलार्म मागे ढकलायचे. मग दोष सापडलेला भाग वेगळा काढून वीज द्यायची. आधी थंड पाणी, मग कॉम्प्रेसर, शेवटी हीलियम थंड करणाऱ्या शीतपेट्या. पाण्याआधी कॉम्प्रेसर लावला तर तो तापून पुन्हा पडतो, आणि अलार्मची नवी रांग लागते.

एलएचसी दुरुस्तीसाठी कधी दोन-तीन वर्षं बंद असतो, तेव्हाही हे टेबल चोवीस तास चालूच. बोगद्यातलं झिरपलेलं पाणी उपसावंच लागतं.